सगळं कर्णधारानेच करायचं का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात बंदरालगतच्या एका वाडीत राहतो. वय २५, बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. वडील मासेमारी नौकेवर तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख. गेल्या शिमग्यात मंडळाने मला कबड्डी संघाचा कर्णधार केलं. त्याआधी बरीच वर्षं माझा चुलत भाऊ, आमचा दादा, कर्णधार होता. त्याचा गुडघा आता साथ देत नाही, तरी राईट कॉर्नरला तो अजून उभा राहतो. मी त्याच्या शेजारी राईट इनला असतो आणि संघाचा मुख्य चढाईपटूही मीच.

संघापुढे उदाहरण ठेवायचं म्हणून मैदानात सगळ्यांच्या आधी जातो. पाणी मारतो, रेषांवर फक्की मारतो, पहाटे किनाऱ्यावर धावतो. माझी पाळी चारला सुटते म्हणून सराव पाचला ठेवलाय. बारांपैकी चार-पाचच येतात. चौघे नौकेवर खलाशी आहेत, दोघे लिलावात अडकतात. मुंबईचे दोघे स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरतात आणि थेट सातांत उभे राहतात. वर्गणी मोठी देतात, म्हणून मंडळातली मोठी माणसं गप्प बसतात.

मे महिन्यातल्या स्पर्धेत माझा उजवा खांदा निखळला. बसवून घेतला, पट्टी बांधली आणि खेळलो. उपांत्य सामना दोन गुणांनी गेला. शेवटच्या मिनिटातली तिसरी चढाई मी केली आणि पकडला गेलो. तेव्हा दादा सगळ्या लोकांसमोर म्हणाला, "सगळं तूच करणार, तर आम्ही कशाला?" तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

रग्बी लीग, म्हणजे तेरा-तेरा जणांच्या रग्बीच्या एका ब्रिटिश कर्णधाराबद्दल मोबाईलवर पाहिलं. हात मोडलेला असताना तो अख्खा सामना खेळला. मीही तेच करतोय. मग माझ्यामागे कोणी का येत नाही? कर्णधारपद सोडून देऊ का?

— वाडीचा कर्णधार

उत्तर

प्रिय कर्णधारा,

दादाने ते लोकांसमोर बोलायला नको होतं. सामना नुकताच हातचा गेलेला, धाकटा भाऊ अजून धापा टाकतोय, आणि भोवती सगळा गाव उभा. असलं बोलणं घरी गेल्यावर, पाण्याचा तांब्या पुढे ठेवून करायचं असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ दादाचीच बाजू घेणार आहे. त्याने जागा चुकीची निवडली, पण विचारलं ते बरोबर.

तुझं पत्र परत एकदा वाच. पाणी तू मारतोस, फक्की तू मारतोस, मुख्य चढाई तुझी, तिसरी चढाई तुझी, दुखऱ्या खांद्याने खेळणारा तू. पत्रात बाकी अकरा जण आहेत, पण त्यांच्यापैकी एकाच्याही नावावर एकही काम नाही. ते फक्त येतात किंवा येत नाहीत. तू जे उदाहरण घालून देतोयस ते लांबून बघण्यासारखं आहे, कौतुक करण्यासारखंही आहे, पण त्यात दुसऱ्याने येऊन हात लावावा अशी जागाच उरलेली नाही. मागे कोणी येत नाही, त्याचं मला दिसणारं पहिलं कारण हे.

आता त्या ब्रिटिश कर्णधाराकडे येऊ. तू पाहिलास तो ॲलन प्रेस्कॉट असणार. ५ जुलै १९५८, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलियाविरुद्धची दुसरी कसोटी. पहिली कसोटी ग्रेट ब्रिटन हरलेलं. सामना सुरू होऊन काही मिनिटं झाली नाहीत तोच प्रेस्कॉटच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. तरी तो शेवटपर्यंत मैदानात राहिला, संघ २५-१८ असा जिंकला आणि पुढे मालिकाही जिंकली. गोष्ट खरी आहे, आणि ऐकून छाती भरून येते हेही खरं.

पण त्या गोष्टीतला एक तपशील तुझ्या नजरेतून सुटला. त्या काळी रग्बी लीगमध्ये बदली खेळाडू घेता येत नसे. प्रेस्कॉटचा हात मोडल्यावर त्याच्या संघातला डेव्ह बोल्टनही हासळी मोडून बाहेर गेला, म्हणजे तेरांचे बारा झाले. प्रेस्कॉट बाहेर पडला असता तर अकराच उरले असते. त्याच्या जागी यायला कोणी नव्हतंच, म्हणून तो थांबला. तुझं तसं आहे का? कबड्डीत सात जण आत आणि पाच जण रेषेबाहेर बसलेले असतात. तू पट्टी बांधून आत राहिलास तेव्हा त्या पाचांतल्या एका धडधाकट पोराची जागा तू अडवलीस. वर्षभर सराव केलेला एखादा पोरगा तिथे बसून तुझ्या खांद्याकडे बघत असेल, तर त्याने त्यातून काय घ्यायचं? आपला कर्णधार एका हाताने खेळेल, पण आपल्याला आत घेणार नाही, एवढंच ना.

आणि तो खांदा कोणता, उजवा. तू राईट इन, दादा राईट कॉर्नर. साखळी धरता तेव्हा तुझा उजवा हात दादाच्या डाव्या हातात असतो. चढाईवाला कोपऱ्यावर आला की दादाने घोट्यात सूर मारायचा आणि तू मागून दाब द्यायचा, हे सगळं त्या एका हातावर उभं आहे. हात कच्चा आहे हे प्रेक्षकांना दिसलं नसेल, पण दादाला दर चढाईला हाताला कळत होतं. स्वतःचा गुडघा गेलेला माणूस कोपरा राखतोय आणि शेजारचा हात भरवशाचा नाही. त्याच्या त्या वाक्यात रागापेक्षा धास्ती जास्त होती असं मला वाटतं.

तरुण वयात एकदा निखळलेला खांदा अंगावरच्या खेळात पुन्हा निखळण्याची भीती मोठी असते. कोणी मैदानावर ओढून बसवला म्हणजे तो बरा झाला असं होत नाही. दापोलीला किंवा रत्नागिरीला जाऊन अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव आणि ते सांगतील तितके दिवस पकडीत उतरू नकोस. तोवर सरावाला मात्र रोज ये. रेषेबाहेर उभा राहून सराव घे. आतून कधी न दिसलेल्या गोष्टी तिथून दिसतील. कोण साखळी लवकर सोडतो, कोण बोनस रेषेकडे बघतच बसतो, कोण हरल्यावर एकटाच बाजूला जातो, हे सगळं कळेल.

तिसऱ्या चढाईचंही बोलायला हवं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. गावच्या मैदानावर या चढाईला सगळ्यांचा श्वास अडकतो. ती कायम तूच करतोस, कारण इतरांवर तुझा भरवसा नाही आणि त्याहून जास्त, आपण जबाबदारी टाळली असं कोणी म्हणू नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण याचा परिणाम असा झाला की तुझ्या संघात दुसऱ्या कोणी ही चढाई केलेलीच नाही. समोरच्या संघालाही ते माहीत असतं. तिसरी चढाई म्हटली की तूच येणार, मग त्यांचे कोपरे आधीच तुझ्या पायांवर डोळा ठेवून बसलेले असतात. उपांत्य सामन्यात तू पकडला गेलास त्यात दुखऱ्या खांद्याचा वाटा होता, तसा याचाही होता.

२०१६ चा विश्वचषक आठव. अहमदाबादला २२ ऑक्टोबरला अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. मध्यंतराला आपण १३-१८ असे मागे होतो. कर्णधार अनुप कुमार, स्वतः नावाजलेला चढाईपटू. पण त्या दिवशी सामना फिरवला अजय ठाकूरने. एकट्याने १२ गुण आणले आणि भारत ३८-२९ जिंकला. अनुपचं कर्णधारपण त्यामुळे उणं झालं, असं त्यानंतर कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

कबड्डीतली आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरतो. रग्बीचा कर्णधार बहुतेक वेळ मैदानातच असतो. आपला कर्णधार मात्र बाद होतो आणि बाहेर जाऊन बसतो. संघाला गुण मिळाला की जो आधी बाद झाला तो आधी उठतो, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत कर्णधारालाही थांबावंच लागतं. मुख्य चढाईपटू कर्णधार असला तर हे दर सामन्यात अनेकदा होतं. तू बाहेर असताना आत कोण बोलतं? तुझ्या पत्रावरून वाटतं, कोणीच नाही. तीन जण उरलेत, आता पकड केली तर अव्वल पकडीचा जादा गुण आहे, घाई करू नका, हे त्या वेळी आतल्या कोणीतरी सांगायला हवं. माझ्या मते ते दादानेच सांगावं. कॉर्नरवरून अख्खं मैदान दिसतं, बरीच वर्षं त्याने ते पाहिलंय, आणि गुडघ्यामुळे तो चढाईला जात नाही, म्हणून तुझ्यापेक्षा जास्त वेळ आत असतो. दादाची समजूत घालायला म्हणून हे करू नकोस. खेळाला त्याची गरज आहे.

तुझ्या घरातलंच उदाहरण देतो. जाळं जड लागलं, खलाशांची ओढाओढ चालू आहे, म्हणून तुझे वडील सुकाणू सोडून दोरी ओढायला धावतात का? त्यांच्या अंगात ताकद नाही म्हणून ते तिथे उभे नसतात. नौका लाटेला आडवी गेली तर ओढणाऱ्यांचे हात फुकट जातील, म्हणून उभे असतात. एकदा त्यांच्याशी या विषयावर बोल. माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.

मग उदाहरण घालून द्यायचं ते कशाचं? माझं उत्तर सरळ आहे. ताकद कमी असलेल्याला, नव्या पोरालाही उद्यापासून करता येईल अशा गोष्टीचं. रग्बी लीगमध्ये बचाव करणाऱ्यांना प्रत्येक पकडीनंतर दहा मीटर मागे जाऊन पुन्हा रांग धरावी लागते. टाळ्या कोणी वाजवत नाही. दम लागलेला असतो, पाय उचलत नाहीत, तरी मागे पळायचंच. ज्या संघाचा कर्णधार शेवटच्या दहा मिनिटांतही त्या रांगेत वेळेवर उभा असतो, तिथे बाकीच्यांना रेंगाळायची लाज वाटते. कारण हे करायला कोणी मोठा खेळाडू असावा लागत नाही.

आपल्या मातीवरची तशी गोष्ट शोधशील तर मी एक सुचवतो, आणि ती मला फार जवळची आहे. अंगाला हात लागला तर स्वतःहून हात वर करून बाहेर जा. आपल्याकडचे रात्रीचे सामने निम्मे कशात अडतात? "लागलं" आणि "लागलं नाही" यात. पंचांभोवती कोंडाळं, दोन्ही वाड्यांची माणसं दोरीच्या आत, ध्वनिक्षेपकावरून विनवण्या. बोटाचं टोक दंडाला घासून गेलं हे ज्याचं त्याला पक्कं माहीत असतं. एका गुणाने पुढे असताना, पंचांना दिसलेलं नसताना, कर्णधार स्वतः हात वर करून बाहेर गेला तर त्याची किंमत लगेच मोजावी लागते. तुझेच लोक शिव्या देतील. पण पुढच्या सामन्यात तू पंचांना म्हणालास की आमच्या पोराला हात लागला नाही, तर पंच ऐकून घेतील. आणि तुझ्या संघातला सोळा वर्षांचा पोरगाही हे करू शकतो. त्याला तुझ्यासारखी चढाई कदाचित कधीच जमणार नाही.

पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने, हा शिरस्ता दोन्ही खेळांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेत २०२० पासून कर्णधाराला पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येतं. आव्हान चुकलं तर ती संधी गेली. म्हणजे कर्णधाराने आधी आपल्या खेळाडूला विचारायचं, चेंडू खरंच तुझ्या हातून सुटला का? आणि खेळाडूने खरं सांगायचं. संघात एकमेकांशी खरं बोलायची सवय नसेल तर ती संधी वाया जाते. तुला आव्हान नाही, पण दर डावात तीस-तीस सेकंदांचे दोन टाइम-आऊट आहेत. तेवढ्या वेळात भाषण होत नाही. एकाला एक गोष्ट सांग, आणि जमलं तर सांगण्याऐवजी विचार. "तुझ्या बाजूने तो कुठून निसटतोय?" असं विचारलंस तर उत्तर देणारा पोरगा पुढच्या पकडीत जागा असेल.

सरावाला पोरं येत नाहीत, याबद्दल तू त्यांच्यावर चिडला आहेस. मी चिडणार नाही. पाचची वेळ तू तुझ्या पाळीवरून ठरवलीस. त्या वेळी बंदरावर लिलाव चालू असतो हे तुलाच लिहायचं सुचलं. खलाशी कधी परततील ते समुद्र आणि मासळी ठरवते. एक फेरी चुकवली तर त्याचा वाटा बुडतो, आणि त्या वाट्यावर घर चालतं. तुला रग्बी लीगचं एवढं वेड आहे म्हणून सांगतो, हा खेळ जन्मालाच या कारणामुळे आला. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार सामन्यासाठी काम बुडवायचे, त्यांची मजुरी जायची. ती भरून द्यावी की नाही यावरून भांडण पेटलं आणि ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात क्लबांनी एकत्र येऊन वेगळी चूल मांडली. पोटासाठी राबणारा माणूस खेळायला कसा येईल, या प्रश्नापासून सुरू झालेला खेळ आहे तो. तुझ्या खलाशांना तू हा प्रश्न विचारला आहेस का?

वेळ बदल. जेवणं आटोपल्यावर, रात्री दिव्याखाली, आठवड्यातून तीनच दिवस ठेव, पण ठरलेले. नौका बाहेर असेल त्याची हजेरी धरू नकोस. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हीच पोरं घरी असतात. लावणी आटोपली की एखाद्या सभागृहात किंवा शाळेच्या पडवीत साखळीचा, पायांचा सराव घेता येतो. पावसात मैदान नाही म्हणून ते दोन महिने आपण फुकट घालवतो. कोकणातल्या संघांचं हे मोठंच नुकसान आहे, आणि याबद्दल मंडळांनी अजून मनावर घेतलेलं नाही याचं मला वाईट वाटतं. फक्कीचा डबा आणि खोलीची किल्लीही उद्याच दुसऱ्या कोणाकडे दे. रेषा वाकडी आली तरी पुसून परत मारू नकोस.

मुंबईकरांचं तुलनेने सोपं आहे, फक्त ते तू एकट्याने ठरवू नकोस. गणपतीत सगळे घरी असतील तेव्हा मंडळाच्या बैठकीत विषय ठेव. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचे संघ सामन्याच्या आदल्या दिवशी एक हलका सराव करतात, तो कर्णधार घेतो. तसा नियम करा: स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळच्या सरावाला जो हजर तो सातांत बसायला पात्र. वर्गणीचा आणि सातांचा संबंध नाही हे मोठ्या माणसांपैकी कोणी बोललं तर बरं, तू बोललास तर ते उद्धटपणाचं ठरेल. आणि त्या दोघांना आधी एकदा फोन कर. ते तिकडे एखाद्या मंडळात रोज घाम गाळत असतील, तर तुझ्या निम्म्या पोरांपेक्षा तयार असतील. आपण विचारलेलंच नसतं. एक रात्र आधी यायला त्यांना एक रजा टाकावी लागेल. तीही त्यांची मजुरीच आहे, हे बोलताना लक्षात असू दे.

कर्णधारपद सोडू नकोस. पुढच्या शिमग्यापर्यंत तरी नाही.

दादाकडे मात्र या आठवड्यात जा. त्याच्या घरी, तो कामावरून आल्यावर. त्या वाक्याचा हिशेब मागायला जाऊ नकोस, आणि उगाच पाया पडून विषय मिटवूही नकोस. त्याला खेळाचंच विचार. मी बाद असताना आत बोलशील का? माझा खांदा बरा होईपर्यंत राईट इनला कोणाला उभं करायचं? तिसरी चढाई कोणाकडून करून घ्यायची? शेवटच्या प्रश्नावर तो ज्याचं नाव घेईल ते तुला पटेलच असं नाही. तरी दिवाळीनंतरच्या पहिल्या स्पर्धेत त्या पोराला एकदा ती चढाई दे. तो पकडला गेला तर परत आल्यावर पहिला हात तू दे, आणि पुढची तिसरी चढाईही त्यालाच दे.

खांद्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव. एक्स-रे काढल्याशिवाय दुसरं पत्र लिहू नकोस.